पीएच.डी.च्या संशोधकांसाठी कार्यशाळा कशी घ्यावी : ग्रंथालय व माहितीशास्त्राच्या मार्गदर्शकांसाठी

ग्रंथालय व माहितीशास्त्रात पीएच.डी. करणारे बहुतेक जण नोकरी सांभाळून संशोधन करतात. नोंदणी झालेली असते, कोर्सवर्क पार पडलेले असते, शीर्षकाला मंजुरीही मिळालेली असते. तरी दोन वर्षांनी काम प्रश्नावलीपाशीच अडलेले दिसते. व्याख्याने त्यांनी भरपूर ऐकलेली असतात. आपले स्वतःचे दोन पानी टिपण कुणीतरी समोर बसून ओळ न् ओळ तपासते आहे, हा अनुभव मात्र अनेकांना तोंडी परीक्षेपर्यंत मिळत नाही. कार्यशाळा घ्यायची ती यासाठी. तिथून बाहेर पडताना प्रत्येकाच्या प्रबंधातला एक तरी तुकडा बदललेला असला पाहिजे: प्रश्न, प्रश्नावली, तक्ता किंवा चार परिच्छेद. ज्या सत्रातून असा तुकडा निघत नाही, ते वेळापत्रकातून काढून टाका.

विद्यापीठ अनुदान आयोगाच्या (यूजीसी) २०२२ च्या नियमांनुसार कोर्सवर्क किमान १२ श्रेयांकांचे (क्रेडिट) असते आणि दर सत्रात संशोधन सल्लागार समितीपुढे प्रगती मांडावी लागते. कार्यशाळा समितीच्या बैठकीआधी साधारण चार आठवडे ठेवावी. बैठकीनंतर घेतली की विद्यार्थी दमलेले असतात आणि पुढची तारीख लांब असल्याने दुरुस्त्या पडून राहतात.

संख्या आणि दिवस

एका वेळी आठ ते दहा संशोधक, दोन मार्गदर्शक आणि दुसऱ्या दिवशी अर्धा दिवस संख्याशास्त्राचा एक शिक्षक. बारापेक्षा जास्त झाले की प्रत्येकाच्या कामाला वीस मिनिटेही मिळत नाहीत आणि कार्यशाळेचे पुन्हा व्याख्यान होते. प्राध्यापकाकडे एका वेळी आठ, सहयोगी प्राध्यापकाकडे सहा आणि सहायक प्राध्यापकाकडे चार अशी संशोधकांची कमाल मर्यादा आहे. त्यामुळे एकाच मार्गदर्शकाचे विद्यार्थी सहसा पुरत नाहीत. शेजारच्या विद्यापीठातल्या विभागाशी जोडून घेतलेले चांगले, कारण दुसऱ्याच्या विद्यार्थ्याला प्रश्न विचारताना मार्गदर्शक अधिक मोकळे असतात आणि विद्यार्थीही.

वर्षात दोन दिवसांच्या चार कार्यशाळा पुरतात: प्रश्नाची, साधनाची, माहितीच्या छाननीची आणि लेखनाची. शनिवार-रविवार धरा. महाविद्यालयीन ग्रंथपालाला जून-जुलैत प्रवेशांची गर्दी असते, मार्च-एप्रिलमध्ये परीक्षा आणि स्टॉक व्हेरिफिकेशन असते, आणि महाविद्यालयाच्या मूल्यांकनासाठी नॅकची भेट ठरली असेल तर आधीचे दोन-तीन महिने त्याला हलता येत नाही. कर्तव्यरजेसाठी विभागाच्या लेटरहेडवरचे पत्र तीन आठवडे आधी पाठवा. प्राचार्यांच्या सहीसाठी तेवढा वेळ लागतोच.

दहा दिवस आधी प्रत्येकाकडून दोन पाने मागवा, जास्त नकोत. त्यात प्रश्न, तो कुणाविषयी आहे, माहिती कुठून मिळणार आणि नेमके कुठे अडले आहे, एवढेच असावे. ही पाने सगळ्यांना वाटा आणि प्रत्येकाने दोन सहकाऱ्यांच्या पानांवर पेन्सिलीने शेरे लिहून आणायचे, असे ठरवून द्या. पाने न पाठवणाऱ्याला येऊ द्या, पण त्याच्या कामासाठी वेळ राखू नका. हा नियम एकदा मोडला की पुढच्या वेळी निम्मी पाने येत नाहीत.

प्रश्नाचा दिवस

या विषयातल्या प्रबंधांची सर्वांत मोठी अडचण शीर्षकातच असते. ‘अमुक जिल्ह्यातील महाविद्यालयीन ग्रंथालयांतील ई-संसाधनांचा वापर : एक अभ्यास’ या घाटाचे प्रबंध शोधगंगा या प्रबंधांच्या ऑनलाइन संग्रहात शोधले तर ढिगाने सापडतात. जिल्हा बदलतो, वर्ष बदलते, निष्कर्ष तेच राहतात: जाणीव आहे, प्रशिक्षण हवे, इंटरनेटचा वेग वाढवावा. यात विद्यार्थ्याचा आळस क्वचितच असतो. शीर्षक प्रश्नाच्या आधी मंजूर झालेले असते, ही खरी गोम आहे. मंजूर शीर्षक बदलणे कठीण, पण त्याच्या पोटात खरा प्रश्न बसवता येतो, आणि पहिल्या कार्यशाळेचे काम तेच.

प्रत्येकाला खुर्चीवर बसवून पाच प्रश्न क्रमाने विचारा, उत्तरे फळ्यावर लिहा. वापर कुणाचा? कोणत्या संसाधनाचा? वापर म्हणजे नेमके काय मोजणार: उघडणे, उतरवून घेणे, वाचणे की उद्धृत करणे? हे तुम्हाला कोण सांगणार, माणूस की यंत्रातली नोंद? आणि कोणते उत्तर मिळाले तर तुमचा आजचा समज खोटा ठरेल? शेवटच्या प्रश्नाला बहुतेक जण गप्प होतात. त्या शांततेत मार्गदर्शकाने उत्तर सुचवू नये, दोन मिनिटे थांबावे. इथे उत्तर निघाले नाही तर विषयात अजून प्रश्न नाही, एवढे निश्चित समजते.

उदाहरण घेऊ. ‘वन नेशन वन सबस्क्रिप्शन’ ही योजना १ जानेवारी २०२५ पासून सुरू झाली आणि केंद्र व राज्य सरकारच्या उच्च शिक्षण संस्थांना ३० प्रकाशकांची सुमारे १३ हजार नियतकालिके खुली झाली. ‘ई-संसाधनांचा वापर’ या ढोबळ शीर्षकात आता असा प्रश्न बसतो: शासकीय महाविद्यालयातल्या रसायनशास्त्राच्या पदव्युत्तर विद्यार्थ्यांच्या प्रकल्प अहवालांत २०२३-२४ आणि २०२५-२६ या दोन वर्षांत नियतकालिकांतील संदर्भांचे प्रमाण बदलले का, आणि बदललेले संदर्भ योजनेतल्या नियतकालिकांतून आले का? याचे उत्तर ‘नाही’ येऊ शकते, म्हणून हा प्रश्न आहे. शिवाय माहिती ग्रंथालयाच्या कपाटात आहे, कुणाच्या आठवणीवर ती अवलंबून नाही.

प्रश्न ठरला की त्याच दुपारी माहिती मिळते का याची खातरजमा करायला लावा. प्रकाशकांच्या वापर अहवालांवर विसंबून आराखडा केला असेल तर संस्थेला काउंटर पद्धतीचे (ई-संसाधनांचा वापर मोजण्याच्या ठरलेल्या प्रमाणानुसार केलेले) अहवाल खरोखर मिळतात का, हे फोन करून विचारायचे. मिळत असतील तर टीआर_जे१ हा नियतकालिकांच्या वापराचा आणि टीआर_जे२ हा प्रवेश नाकारल्याचा अहवाल, हा फरक तिथेच दाखवा. नाकारलेल्या प्रवेशांची नोंद सहसा कुणी बघत नाही, आणि गरज कुठे भागत नाही हे तीच सांगते.

पूर्वसंशोधनासाठी दीड तास द्या, जास्त नको. प्रत्येकाने शोधगंगेवरचे आपल्या विषयाजवळचे पाच प्रबंध उघडायचे आणि एक्सेलमध्ये सहा रकाने भरायचे: प्रश्न, कुणाविषयी, नमुना किती व कसा निवडला, साधन, मुख्य निष्कर्ष, आणि त्या निष्कर्षाला पुरावा पुरेसा आहे का. सहावा रकाना भरताना जे वाद होतात, त्यांतून प्रबंधाचे दुसरे प्रकरण तयार होते. असा तक्ता नसेल तर ते प्रकरण ‘अमुक यांनी अमुक साली अभ्यास केला’ या वाक्यांची माळ होऊन बसते.

नमुना : ३८४ चा हट्ट

नमुना किती, असे विचारले की ‘३८४’ हे उत्तर ठरलेले. क्रेजसी आणि मॉर्गन यांच्या १९७० च्या तक्त्यातला हा आकडा आहे. तो कुठून येतो हे हाताने काढून दाखवा: १.९६ चा वर्ग गुणिले ०.२५, भागिले ०.०५ चा वर्ग. उत्तर ३८४.१६. म्हणजे ९५ टक्के विश्वासपातळी, पाच टक्के त्रुटी आणि समष्टी, म्हणजे ज्यांच्याविषयी अभ्यास आहे ते सगळे, खूप मोठी, असे धरले आहे. समष्टी लहान असेल तर हा आकडा दुरुस्त करावा लागतो. समजा एका विद्यापीठाच्या क्षेत्रात २४० महाविद्यालयीन ग्रंथपाल आहेत. दुरुस्तीनंतर १४८ येतात. आता प्रतिसाद ६० टक्के मिळेल असे धरा. १४८ उत्तरे हवी तर २४७ जणांना प्रश्नावली पाठवायला हवी, आणि ग्रंथपाल तर २४०च आहेत. म्हणजे नमुना काढण्यात अर्थ नाही, सगळ्यांनाच विचारायचे आणि ज्यांनी उत्तर दिले नाही त्यांची महाविद्यालये कोणत्या प्रकारची होती ते नोंदवायचे. हे गणित प्रत्येकाने स्वतःच्या समष्टीसाठी वहीत करावे. वीस मिनिटे लागतात.

विद्यार्थी-वाचकांचा नमुना असेल तर आणखी एक अडचण येते. वीस महाविद्यालयांतून प्रत्येकी वीस-एक विद्यार्थी घेतले की एकाच ग्रंथालयाचे वाचक एकमेकांसारखी उत्तरे देतात, कारण ग्रंथपाल, वेळ आणि संगणक तेच. हे साम्य ० ते १ या मापावर ०.०५ इतके थोडे असले तरी ३८४ जणांची किंमत सुमारे १९७ जणांएवढी उरते. म्हणून शक्य असेल तिथे महाविद्यालये वाढवा आणि प्रत्येकातले विद्यार्थी कमी करा. प्रवास वाढतो, पण निष्कर्षाला आधार मिळतो.

प्रश्नावली फोडून बघणे

दुसऱ्या कार्यशाळेचा पूर्ण पहिला दिवस यासाठी द्या. जोड्या लावा. एकाने दुसऱ्याची प्रश्नावली भरायची आणि भरताना मनात काय येते ते मोठ्याने बोलायचे. प्रश्नावली ज्याची आहे त्याने तोंड उघडायचे नाही, फक्त लिहून घ्यायचे. ‘मला असे म्हणायचे होते की’ हे वाक्य त्याच्या ओठावर आले की तो प्रश्न चुकला आहे. प्रत्यक्ष उत्तरकर्त्यासमोर ते वाक्य सांगायला कुणी नसते.

हा नमुना बघा: ‘ग्रंथालयातील ई-नियतकालिके व डेटाबेस वापरण्यास सोपे व उपयुक्त आहेत का?’ यात चार प्रश्न आहेत: नियतकालिके सोपी का, उपयुक्त का, डेटाबेस सोपा का, उपयुक्त का. डेटाबेस किचकट पण कामाचा वाटणाऱ्याने कुठे खूण करायची? तो मधला पर्याय निवडतो आणि विश्लेषणात त्याचे ‘तटस्थ’ होते. शिवाय पदवीच्या पहिल्या वर्षातल्या विद्यार्थ्याला डेटाबेस म्हणजे काय हेच कळत नाही. त्याला गूगल हाही डेटाबेस वाटतो. दुरुस्त प्रश्न असा येईल: ‘गेल्या चार आठवड्यांत तुम्ही ग्रंथालयाच्या लॉगिनवरून एखादा लेख उघडला का?’ उत्तर हो असेल तर पुढचा प्रश्न: ‘शेवटचा लेख शोधताना कुठे अडलात?’ सवय विचारण्यापेक्षा शेवटची घटना विचारलेली बरी. ‘नेहमी, कधीकधी, क्वचित’ या शब्दांचे मोजमाप प्रत्येकाचे वेगळे असते.

प्रश्नावली इंग्रजीत करून मराठीत आणली असेल तर मराठी प्रत तिसऱ्याच व्यक्तीकडून पुन्हा इंग्रजीत करून घ्या आणि दोन्ही इंग्रजी प्रती शेजारी ठेवा. जिथे त्या जुळत नाहीत तिथे मराठी वाक्य बदला. गूगल फॉर्म पाठवणार असाल तर तो आधी साध्या मोबाइलवर उघडून बघा. पाच रकान्यांचा मोठा तक्ता मोबाइलवर अर्धाच दिसतो आणि लोक तिथेच सोडून देतात.

मग २५ ते ३० जणांवर पूर्वचाचणी, आणि दुसऱ्या दिवशी संख्याशास्त्राच्या शिक्षकासोबत क्रॉनबाक अल्फा, म्हणजे विधाने एकमेकांशी किती जुळतात याचे माप. इथे एक समजूत मोडून काढायला हवी. अल्फा ०.९१ आला म्हणजे प्रश्नावली उत्तम, असे प्रबंधांत सर्रास लिहिलेले असते. विधानांमधला सरासरी सहसंबंध ०.३ एवढाच असला तरी २४ विधाने एकत्र घातली की अल्फा ०.९१ येतो, त्याच जातीची सहाच विधाने घेतली तर ०.७२. म्हणजे आकडा विधानांच्या संख्येनेही फुगतो. म्हणून जाणीव, वापर, अडचणी, समाधान या प्रत्येक भागाचा अल्फा वेगळा काढायचा, आणि लिंग, वय, विभाग हे प्रश्न त्यात कधीच घालायचे नाहीत. जामोवी हे मोफत सॉफ्टवेअर यासाठी पुरते; एसपीएसएसच्या परवान्यासाठी थांबू नका.

नोंदींची छाननी

ज्यांचे काम देवघेवीच्या किंवा ग्रंथमितीच्या (प्रकाशित लेख व संदर्भांच्या मोजणीच्या) नोंदींवर आहे, त्यांना स्वतःची खरी फाइल घेऊन बोलवा. सरावासाठी बनवलेल्या फाइलीत खरे घोटाळे नसतात.

कोहा या ग्रंथालयाच्या सॉफ्टवेअरमधल्या स्टॅटिस्टिक्स तक्त्यात देवघेव, नूतनीकरण आणि परतीच्या नोंदी इश्यू, रिन्यू, रिटर्न अशा वेगळ्या प्रकारांनी पडतात. सगळ्या ओळी मोजून ‘एकूण वापर’ म्हटले तर एकच पुस्तक तीन-चारदा मोजले जाते. आधी प्रकारानुसार ओळी वेगळ्या करायच्या, मग नूतनीकरण वापरात धरायचे की नाही हे ठरवून पद्धतीच्या प्रकरणात लिहायचे. सभासद क्रमांक फाइल उघडताक्षणी दुसऱ्या खुणेने बदला. कोण काय वाचतो ही माहिती संवेदनशील आहे. वैयक्तिक माहिती संरक्षणाचा कायदा २०२३ मध्ये झाला आहे, आणि कायदा नसता तरी ग्रंथपालाने वाचकाचे नाव संशोधनात फिरू द्यायचे नसते. स्वतःच्याच ग्रंथालयातल्या विद्यार्थ्यांकडून प्रश्नावली भरून घेणाऱ्यालाही इथे थांबवा. ‘ना देय’ प्रमाणपत्र देणारा माणूस समोर उभा असताना विद्यार्थी ग्रंथालयाविषयी खरे सांगत नाही. प्रश्नावली दुसऱ्याने वाटावी, पेटीत टाकायला सांगावी, नाव घेऊ नये.

ग्रंथमितीत सर्वांत जास्त वेळ संस्थांच्या नावांत जातो. पुणे विद्यापीठाचे २०१४ मध्ये सावित्रीबाई फुले पुणे विद्यापीठ झाले. उत्तर महाराष्ट्र विद्यापीठाला २०१८ मध्ये कवयित्री बहिणाबाई चौधरी यांचे नाव मिळाले. लेखकांनी ही नावे पूर्ण, अर्धी, आद्याक्षरांनी, जुनी-नवी अशी हवी तशी लिहिलेली असतात. न तपासता व्हॉसव्ह्यूअर या नकाशे काढणाऱ्या सॉफ्टवेअरमध्ये फाइल घातली की एकाच विद्यापीठाची तीन वर्तुळे उमटतात आणि विद्यार्थी त्यांच्यातल्या ‘सहकार्याचे’ विश्लेषण करत बसतो. ओपनरिफाइन या माहिती साफ करणाऱ्या सॉफ्टवेअरमध्ये क्लस्टर करून (सारखी दिसणारी नावे गटांत आणून) नावे एकत्र करा आणि व्हॉसव्ह्यूअरसाठी दोन रकान्यांची थिसॉरस फाइल बनवा: डावीकडे सापडलेले रूप, उजवीकडे ठरवलेले रूप. मात्र क्लस्टर सुचवलेले सगळे एका झटक्यात स्वीकारू नका. विद्यापीठ आणि त्याच शहरातले संलग्न महाविद्यालय यांची नावे जवळची असतात आणि ती एक होऊन जातात.

वेब ऑफ सायन्स या संशोधन लेखांच्या डेटाबेसमधून संदर्भांसह पूर्ण नोंदी एका वेळी ५००च उतरवता येतात. २३०० नोंदी असतील तर पाच फाइली होतात, आणि त्या जोडताना एखादी फाइल दोनदा येते किंवा सुटते. जोडल्यावर एकूण ओळी मोजणे आणि दुहेरी नोंदी काढणे या दोन गोष्टी प्रत्येकाने करून दाखवल्याशिवाय नकाशा काढू देऊ नका. शोधाचे नेमके सूत्र, तारीख आणि प्रत्येक टप्प्याला उरलेल्या नोंदी एका साध्या टेक्स्ट फाइलीत लिहून ठेवायच्या. परीक्षक विचारतात ते नेमके हेच.

लेखन आणि साम्य

लेखनाच्या कार्यशाळेत सकाळी दीड तास सगळ्यांनी गप्प बसून एकच गोष्ट लिहायची: आपल्या एका तक्त्याचे तीन परिच्छेद. पहिल्यात तक्ता काय सांगतो, दुसऱ्यात हे का होत असावे, तिसऱ्यात आधीच्या कोणत्या निष्कर्षाशी हे जुळते वा भांडते. ‘वरील तक्त्यावरून असे दिसते की ६२ टक्के पुरुष व ३८ टक्के स्त्रिया आहेत’ हे वाक्य लिहून थांबण्याची सवय या तीन परिच्छेदांनी मोडते.

साम्य तपासणीबाबत, म्हणजे प्रबंधातला मजकूर इतरांच्या लेखनाशी किती जुळतो याच्या तपासणीबाबत, विद्यार्थी घाबरलेले असतात, म्हणून यूजीसीचे २०१८ चे नियम समोर ठेवा. १० टक्क्यांपर्यंत दंड नाही. १० ते ४० टक्क्यांना सहा महिन्यांच्या आत सुधारित प्रत. ४० ते ६० टक्क्यांना एक वर्ष प्रत सादर करता येत नाही. त्यापुढे नोंदणी रद्द. संदर्भसूची, अनुक्रमणिका, ऋणनिर्देश आणि स्रोत दिलेली अवतरणे मोजणीत धरत नाहीत. पण टक्केवारी उतरवण्यासाठी शब्द बदलत बसणे हा उपाय नाही, आणि ते काम चॅटजीपीटीकडून करून घेणे तर घातकच. त्यात नसलेले संदर्भ घुसतात आणि पारिभाषिक शब्द भलत्याच शब्दांत बदलतात. मूळ लेख बंद करा, दोन वाक्यांत त्याचे म्हणणे सांगा, मग ते लिहा, मग लेख उघडून पडताळा. एवढे जोडीत बसून करून घेतले की साम्य आपोआप कमी होते. संदर्भ झोटेरो या संदर्भ सांभाळणाऱ्या सॉफ्टवेअरमध्ये पहिल्या दिवसापासून हवेत. शेवटच्या महिन्यात तीनशे संदर्भ हाताने टाइप करणाऱ्याची वर्षे आणि पृष्ठांक चुकतातच.

मराठीतून प्रबंध लिहिणाऱ्यांनी पहिल्या पानापासून युनिकोड वापरावा. जुन्या फॉन्टमध्ये टाइप केलेली पीडीएफ पडद्यावर देवनागरी दिसते, पण त्यातला मजकूर कॉपी केला की रोमन अक्षरांचा गुंता मिळतो. तो ना शोधात सापडतो, ना साम्य तपासणीत वाचला जातो. टायपिस्टकडे काम देतानाच ही अट घाला.

लेख कुठे पाठवावा, हा प्रश्न दर वेळी येतो. २०२२ च्या नियमांत प्रबंधापूर्वी लेख छापण्याची सक्ती उरलेली नाही, आणि यूजीसी-केअर ही मान्य नियतकालिकांची यादीही २०२५ मध्ये बंद झाली. आता नियतकालिकाची पारख स्वतः करावी लागते. कार्यशाळेत प्रत्येकाने एक नियतकालिक तपासून आणायचे: संपादक मंडळातले लोक खरोखर त्या संस्थांत आहेत का, समीक्षेला किती दिवस लागतात, शुल्क स्वीकृतीआधी मागतात का, गेल्या अंकातले लेख विषयाला धरून आहेत का. दोन दिवसांत स्वीकृती देणाऱ्याकडे लेख पाठवू नये, मग ते कितीही घाईचे असो.

बोलण्याची रीत

संशोधक कधी मार्गदर्शकापेक्षा वयाने मोठा, पंचवीस वर्षे ग्रंथपाल राहिलेला असतो. कधी नुकताच नेट परीक्षा उत्तीर्ण झालेला तरुण. दोघेही सर किंवा मॅडम बोलल्या की मान हलवतात. म्हणून क्रम ठरवून द्या: आधी दोन सहकारी बोलतील, मग संशोधक उत्तर देईल, मार्गदर्शक शेवटी. प्रत्येक शेरा पानावरच्या ओळीला धरून असावा. ‘अजून वाचन वाढवा’ असा शेरा लिहायला बंदी. वाचन वाढवायचे तर कोणता लेख, कोणत्या मुद्द्यासाठी, ते सांगा. ज्येष्ठ ग्रंथपालाचा प्रत्यक्ष अनुभव मोठा आधार असतो. फक्त ‘माझ्या अनुभवात’ म्हणून आलेले विधान प्रबंधात टाकायचे तर त्याची नोंद किंवा मुलाखत कुठे आहे हे तिथेच विचारा.

दोन दिवस संपताना प्रत्येकाने एका कागदावर तीन ओळी लिहायच्या: काय बदलले, पुढच्या तीन आठवड्यांत काय करणार, कुणाला दाखवणार. एक प्रत संशोधकाकडे, एक मार्गदर्शकाकडे, एक सल्लागार समितीच्या फाइलीत. तीन आठवड्यांनी तीस मिनिटांची ऑनलाइन बैठक घ्या आणि त्यात फक्त ते कागद वाचा. ज्याचे काम झाले नाही त्याला सगळ्यांसमोर जाब विचारू नका, दुसऱ्या दिवशी फोन करा. बहुधा कारण घरचे किंवा महाविद्यालयातले असते, आणि मग पुढच्या कार्यशाळेऐवजी त्याला विभागात एक पूर्ण दिवस शेजारी बसवून काम करून घेणे जास्त उपयोगी पडते.